दप्तर उपसण्याआधी लेकाशी बोला

ताई, लेकाच्या कंपासपेटीत पेनड्राइव्हसारखं दिसणारं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं म्हणून लगेच हात उगारू नका. मी थोरल्यावर आरडाओरडा केला, तर पोरगं कित्येक महिने माझ्याशी धड बोललं नाही. व्हेपला सिगारेटसारखा वास नसतो, आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा येतो; दादरच्या आपल्या दोन खोल्यांतसुद्धा पत्ता लागत नाही. मुलांना ती नुसती वाफ वाटते. आत बहुतेकदा निकोटीन असतं, आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असल्यामुळे या वयात चटक पटकन लागते. हे त्याला नीट समजावा. २०१९ पासून देशात विक्रीला बंदी आहे, तरी मिळतं. कुणी दिलं ते शांतपणे विचारा. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. फोनवर त्यालाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा.