दवाखाना नको, संशोधन हवं

प्रश्न : मुलगी होमिओपॅथीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दवाखाना टाकायचा नाही म्हणते. होमिओपॅथीतल्या संशोधन-शिक्षणाला मदत करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत संशोधन सहायकाची दोन वर्षांची जागा चालून आली आहे. घ्यावी का? – एक आई

उत्तर : तुमच्या मूळ, लांब पत्रात पगाराबद्दल चार ओळी आणि कामाबद्दल एक, म्हणून पगाराचं आधी उरकते. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत अशा जागा बहुधा प्रकल्पाच्या निधीशी बांधलेल्या असतात. निधी संपला की जागा गेली. दोन वर्षं म्हणजे दोनच धरा. संस्थेचे वार्षिक हिशेब मागून घ्या आणि संशोधनावर किती खर्च होतो, परिषदा-प्रचारावर किती, ते पाहा.

आता कामाचं. ३०सी औषधात मूळ द्रव्य दर वेळी शंभर पटीने, असं ३० वेळा विरळ केलेलं असतं. १२सीच्या पुढेच त्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली अभ्यास तपासून सांगितलं, की होमिओपॅथी एकाही आजारावर गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. होमिओपॅथीच्या बाजूच्या संस्थांनी त्या अहवालावर आक्षेप घेतले. तुमच्या लेकीच्या टेबलावर हा वाद रोज येणार, आणि तो तिने टाळू नये.

गंमत म्हणजे निष्पक्ष चाचणीचं एक फार जुनं उदाहरण याच वादातून आलंय. १८३५ साली न्यूरेंबर्गमध्ये होमिओपॅथीच्या एका डॉक्टराने पैज लावली, की मिठाचं ३०सी द्रावण घेतलं की काहीतरी जाणवणारच. मग एका खाणावळीत लोक जमले. बाटल्यांवर नुसते क्रमांक, निम्म्यांत द्रावण, निम्म्यांत नुसतं पाणी, आणि कशात काय ती यादी मोहोरबंद. ५० जणांनी अनुभव कळवला. ४२ जणांना काहीच झालं नव्हतं. उरलेल्या ८ जणांपैकी ५ जणांनी द्रावण घेतलं होतं, ३ जणांनी पाणी! पैज फसली, पण रीत किती चोख होती बघा.

तिने ही रीत शिकावी. चाचणीचा आराखडा, तिची आधीच केलेली नोंदणी, नीतिसमितीची मंजुरी, सांख्यिकी. हे हातात आलं की लसीच्या चाचणीतही काम मिळतं, आहारावरच्याही. संस्थेत नुसतं परिषदांचं आयोजन करायला लावणार असतील, तर दोन वर्षं वाया गेली समजा.

मुलाखतीत तिने एक विचारावं : ‘तुमच्या पैशातून झालेल्या ज्या अभ्यासात औषध नुसत्या, बिनऔषधाच्या साखरेच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरलं नाही, असा एखादा छापलेला दाखवता का?’ दाखवला तर बेलाशक रुजू व्हावं. विषय बदलला तर मी नको म्हणेन, कारण पुढची नोकरी देणारे तिचे शोधनिबंधच वाचतील. त्या निबंधांवर तिचं नाव जाईल की नाही, तेही त्याच बैठकीत लेखी घ्या.