झाड कुठलं होतं?

अगं, परवा तू आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून तुझ्या गॅनोडर्माच्या, म्हणजे झाडावरच्या त्या औषधी अळंबीच्या, १८ नमुन्यांच्या डीएनएचा जेलचा फोटो दाखवलास, १८ लेन, १८ही पट्टे एका रेषेत, कुणात फरकच नाही, आणि म्हणालीस काका एसएसआर (डीएनएतल्या छोट्या रिपीटवरून नमुन्यांतला फरक शोधायची पद्धत) सोडते किंवा अजून २० प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग पकडणारे छोटे तुकडे) मागवते. तुझा चेहरा पडलेला, सेवउसळ गार होत होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. आता विचारतो.

झाड कुठलं होतं?

हसू नकोस. १८ पैकी ११ तुकडे तू एकाच फार्मच्या भुशाच्या पिशव्यांतून आणलेस, तूच सांगितलंस. एका स्पॉनच्या, म्हणजे एकाच अळंबीच्या बियाण्याच्या, पिशव्या म्हणजे एकच गॅनोडर्मा ११ वेळा, मग डीएनएतले जीए-जीए अक्षरांचे रिपीट सारखेच येणार, मार्करचा काय दोष? उरलेले ७ कमाटीबागेतले. त्यातले ५ एकाच गुलमोहराच्या बुंध्यावरचे असतील तर आत बुरशीच्या धाग्यांचं एकच जाळं असू शकतं गं, ५ छत्र्या म्हणजे ५ जीव नव्हेत. आणि प्रायमर उचललेस चीनच्या जीनोमवरून. तो २०१२ साली गॅनोडर्मा ल्युसिडम नावाने आला, आणि त्याच वर्षी तिकडच्या लोकांनी त्यांची औषधी लिंगझी अळंबी वेगळी जात म्हणून मांडली, कारण ल्युसिडम हे नाव १७८१ मध्ये लंडनजवळच्या नमुन्याला दिलेलं. तुझं गुलमोहरावरचं यातलं नक्की कोण? आधी आयटीएस कर, म्हणजे जात ओळखायचा डीएनएचा तो भाग वाचून घे. प्रायमर बसलाच नाही तर पट्टा गायब होईल आणि तू त्याला विविधता म्हणशील.

मी ३ वर्षं आरएपीडीची, म्हणजे कुठेही बसणाऱ्या प्रायमरच्या जुन्या पद्धतीची, मगजमारी केली. सोमवारी आलेला पट्टा गुरुवारी गायब. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या टॅक एन्झाइमला शिव्या दिल्या, पाण्याला दिल्या, डीएनए चिकट येतो म्हणून रडलो. आणि नमुन्याच्या डबीवर काय लिहिलेलं? जी-७. बस. जी-७ कुठल्या झाडाचा, मला आजही माहीत नाही. पेपर परत आला, एकच प्रश्न, नमुना कुठला. गाइड म्हणाले लिहून टाक एखादं गाव. नाही लिहिलं, पीएचडी राहिली. घरात अजून हट्टीपणा म्हणतात. म्हणू देत, खोटं गाव लिहिलं असतं तर कुणीतरी तिथं जाऊन शोधत बसलं असतं ना?

तर प्रायमर मागवू नकोस. रविवारी सहाला स्कूटर घेऊन ये, मीही येतो. प्रत्येक झाडाचा एकच तुकडा, झाडाचं नाव, बुंधा की मूळ, जीपीएस, सगळं तिथंच उभं राहून लिहायचं. आणि पेन नको आणूस, पावसात शाई पसरते, पेन्सिल आण.