एप्रिलच्या उन्हातही टाय, बूट, मोजे सक्तीचे : शाळेकडे नेमकं काय मागावं?

तुमचा मुलगा नागपुरात सातवीत आहे. नवं सत्र 1 एप्रिलला सुरू झालं, पारा 42 च्या वर गेला, तरी टाय, पट्टा, काळे बूट आणि मोजे यातलं काहीही राहिलं की डायरीत शेरा येतो. तुम्ही भेटायला गेलात तेव्हा शाळा म्हणाली, ‘हा शिस्तीचा प्रश्न आहे, तुमच्या मुलाला फारच त्रास होत असेल तर अर्ज द्या, त्याच्यापुरतं बघू.’ असा अर्ज द्यावा का, हा तुमचा प्रश्न.

अर्ज जरूर द्या, पण मुलाच्या नावाने नको. जे मागायचं ते सगळ्या शाळेसाठी मागा. आणि सवलत मागू नका, नियम मागा.

मी विदर्भातल्याच एका माध्यमिक शाळेत शिकवते. वर्गशिक्षिका असल्यामुळे गणवेश तपासणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे ‘त्याच्यापुरतं बघू’चं पुढे काय होतं ते चांगलं माहीत आहे. एकट्याला मिळालेली मुभा मूल वापरतच नाही. आठवीतल्या एका मुलीच्या गळ्याभोवती आणि पाठीवर घामोळं उठलं होतं. आईने चिठ्ठी दिली, वरून परवानगीही मिळाली की हिने कमीजवर जाकीट नाही घातलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती जाकिटाची सगळी बटणं लावून, आणि चिठ्ठी कंपासपेटीत. विचारलं तर म्हणाली, ‘सगळ्याच घालतात ना मॅडम, मी एकटीच कशी?’ पुढे आम्ही वर्गालाच जाकीट काढायला सांगितलं, तेव्हा पहिल्या तासाला सगळ्यांची जाकिटं दप्तरात गेली. तिचंही गेलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ऊन सोसतं, पण वेगळं दिसणं सोसत नाही. म्हणून हा निर्णय मुलावर सोपवू नये, शाळेने घ्यावा.

त्रास नेमका कशाने होतो हेही शाळेशी बोलताना माहीत असू द्या, नाहीतर ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ या वाक्यावर बैठक संपते. बाहेर 42 अंश असतात तेव्हा हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते. अशा वेळी अंग थंड व्हायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. आता गणवेशाचं कापड बघा. बहुतेक ठिकाणी टेरिकॉट असतं, म्हणजे पॉलिस्टर जास्त आणि सूत कमी. चुरगळत नाही, रंग टिकतो, इस्त्री लागत नाही, म्हणून आयांनाही ते बरं पडतं. पण सूत आपल्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओल सहज धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम कापडात न शिरता अंगावरच चिकटून राहतो. टायने कॉलर आवळली की शर्टाच्या आतली गरम हवा गळ्याकडून निघून जायची तीही कोंडते. खाली पट्टा, नायलॉनचे मोजे, बंद बूट. दुपारच्या तासाला बाकाखाली नजर टाका, निम्म्या मुलांनी टाचा बुटातून बाहेर काढून बुटाची मागची बाजू तुडवलेली असते. मोजा खाली सरकवला की इलॅस्टिकचा लाल वळ दिसतो, आणि बोटांच्या बेचक्यात पांढरं पडलेलं कातडं. नायट्याची सुरुवात तिथूनच होते.

लहान मुलांचं आणखी एक असतं. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, त्यामुळे हवा गरम असली की त्यांचं अंग लवकर तापतं. खेळात रमली की तहान लागल्याचंही त्यांच्या ध्यानात येत नाही. आम्ही शिक्षिका सुती साडी नेसून, पायात उघडी चप्पल घालून त्याच वर्गात उभ्या असतो. तीच हवा, तोच पंखा, आणि समोरच्या पोरांना मात्र बूट-मोजे. हे मला पटत नाही, आणि स्टाफरूममध्ये मी ते बोलूनही दाखवलंय.

आता तुमच्या हातात असलेला कागद. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 11 मे 2022 रोजी उष्णतेच्या लाटेबाबत शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गणवेशाचा मुद्दा स्पष्ट आहे: टायची सक्ती शिथिल करता येईल, चामड्याच्या बुटांऐवजी कॅनव्हासचे बूट चालतील, कपडे सैल, फिक्या रंगाचे आणि सुती असावेत. हा सल्ला आहे, सक्ती नाही, त्यामुळे खाजगी शाळा तो बाजूला ठेवू शकते. पण ‘असं कुठे असतं का?’ या प्रश्नाला तो पुरेसं उत्तर आहे. त्याची प्रत अर्जाला जोडा.

त्याच सूचनांमध्ये शर्ट शक्यतो पूर्ण बाह्यांचा असावा असंही म्हटलंय. पालकांना हे उलटं वाटतं, कारण उन्हाळी गणवेश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाफ शर्ट आणि हाफ पँट येते. पण आपल्याकडचं ऊन अंग भाजणारं आहे. भर दुपारी स्कूटरवरून जाणारी बाई उगाच हात आणि तोंड दुपट्ट्याने गुंडाळत नाही. मूल सायकलने किंवा पायी येत-जात असेल तर सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट अर्ध्या बाह्यांच्या टेरिकॉटपेक्षा कितीतरी बरा. मुंबई-कोकणातली गोष्ट वेगळी. तिथे ऊन कमी आणि दमटपणा जास्त, घाम वाळतच नाही, तिथे अर्ध्या बाह्या बऱ्या. म्हणून सगळ्या राज्याला एकच नमुना लावण्यात अर्थ नाही. कमी कपडे मागू नका; सैल, सुती आणि गळ्याशी मोकळे कपडे मागा. आठवी-नववीच्या मुलांवर हाफ पँट लादणंही नको. त्या वयात मुलं लाजतात आणि मग दिवसभर बाकावरून उठत नाहीत.

मुलींचा विचार तर वेगळाच करावा लागतो, आणि तो बहुतेक शाळांमध्ये होत नाही. जाकीट काढा म्हणणं सोपं आहे. पण पांढरं पातळ कमीज घामाने अंगाला चिकटलं की आतलं दिसतं, म्हणून मुली जाकीट सोडत नाहीत किंवा आत आणखी एक कपडा चढवतात. म्हणजे उन्हाळी गणवेशात आपण त्यांना एक थर वाढवून दिला. जाकीट काढायचं असेल तर कमीजचं कापड जरा दाट विणीचं हवं, किंवा बारीक चौकड्याचं, फिक्या निळ्या अगर करड्या रंगाचं. पाळीच्या दिवसांत तर घट्ट सलवार आणि आत हाफ पँट असं घालून मुली सहा-सहा तास बसतात. काय चालेल, काय नको, हे त्यांनाच विचारा. आमच्या मुलींनी पाच मिनिटांत सांगितलं: जाकीट नको, गडद सलवार राहू द्या, कमीज ढगळ द्या. तुमच्या शाळेतल्या मुलीही सांगतील, विचारणारी बाई असली की झालं.

शिस्तीबद्दल. मी स्वतः गणवेशाच्या बाजूची आहे. ज्या वर्गात एकाच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे आणि दुसऱ्याची आई चार घरची धुणीभांडी करते, तिथे सगळ्यांचा शर्ट सारखा असणं ही मोठी गोष्ट आहे. पण ते काम सारखेपणा करतो, टाय करत नाही. सगळ्यांनी टाय काढला तरी सगळे सारखेच. काळ्या कोटाशिवाय वकिलाची कल्पना आपल्याला करवत नाही, तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडली तर इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट बंधनकारक नाही. त्याने जिल्हा न्यायालयाचा मान कमी झालेला नाही. मोठ्यांसाठी हे लेखी ठरलेलं आहे, मग मुलांसाठीही ठरावं. आणि आपल्या शिक्षण खात्याने ऋतू पाहून नियम बदललेले आहेतच. 2025 च्या उन्हाळ्यात राज्यात प्राथमिक शाळा 7 ते 11.15 आणि माध्यमिक 7 ते 11.45 अशा सकाळच्या केल्या. विदर्भातल्या शाळा तर उन्हामुळेच उशिरा उघडतात: त्याच वर्षी बाकी राज्यात 16 जूनला, आपल्याकडे 23 जूनला. घंटेची वेळ बदलते, सुट्टी बदलते, मग मोजे कसे बदलत नाहीत?

अर्जात एक चूक हमखास होते, ती टाळा. ‘उष्णतेची लाट असेल त्या दिवशी टाय नको’ असं लिहू नका. हवामान खात्याच्या निकषांत मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त असावं लागतं, किंवा थेट 45 गाठावं लागतं. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिलच्या शेवटी सरासरीच 40 च्या वर असते. म्हणजे 44 झाले तरी कागदावर लाट नाही, आणि पोरं टाय घालून परिपाठाला उभी. शिवाय सकाळी घरातून निघताना कुणाला माहीत असणार आज काय जाहीर होईल! म्हणून सरळ तारीख मागा: 15 मार्चपासून उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यापासून पाऊस नीट लागेपर्यंत.

खर्चाचा मुद्दा शाळेआधी इतर पालकच काढतील, आणि तो खरा आहे. उन्हाळी गणवेश म्हणून शाळेने तिसरा जोड विकायला काढला तर आपणच मागून घेतलेला भुर्दंड होईल. म्हणून यावर्षी नवं काहीच मागू नका. टाय, पट्टा, जाकीट बंद, कॉलरचं वरचं बटण उघडं, काळ्या बुटांऐवजी घरात असलेले पी.टी.चे पांढरे कॅनव्हास किंवा साध्या सँडल. याला एक रुपयाही लागत नाही. पी.टी.चा ड्रेस रोज घालू द्या असं काहीजण सुचवतील. टी-शर्ट सुती असेल तर उत्तम. ट्रॅक पँट मात्र बहुधा पॉलिस्टरची असते, ती नको. सोबत टोपी किंवा दुपट्टा, वर्गात पाण्याची बाटली आणि मैदानाऐवजी वर्गात परिपाठ, एवढंही लिहा. कापड बदलण्याची मागणी पुढच्या सत्रासाठी ठेवा, आणि ती शाळेने दुकानदाराला ऑर्डर देण्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत करा. मार्चनंतर कापड ठरलेलं असतं.

जिल्हा परिषद शाळेतल्या पालकांसाठी एक वेगळं. 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून वरूनच कापड आलं. कुठे उशिरा, कुठे मापात न बसणारं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कापड सुती घ्या हा ठराव तिथेच मांडता येतो, मुख्याध्यापकांची मनधरणी करायची गरज नाही.

तुमची शाळा खाजगी आहे. शुल्क विनियमनाच्या 2011 च्या कायद्यामुळे तिथे पालक-शिक्षक संघ असायलाच हवा. एकटे जाऊ नका. वर्गातले पाच-सात पालक, त्यात एक-दोन मुलींच्या आया, सगळ्यांच्या सह्या आणि संघाच्या प्रतिनिधीची सही, असा एका पानाचा अर्ज द्या. वर्गशिक्षिकेला आधी सांगा. खात्री बाळगा, ती बहुधा तुमच्याच बाजूची निघेल, फक्त तिला वरून लेखी आदेश हवा असतो. अर्ज कार्यालयात आवक नोंद करूनच द्या, आणि उत्तर परिपत्रकाच्या रूपात मागा, म्हणजे ते सगळ्या वर्गांच्या डायरीत जाईल आणि गेटवर उभ्या असलेल्या पी.टी.च्या सरांनाही दाखवता येईल.