कोरेगावच्या सरांना: मार्शमॅलो सांगा, पण पोरं किती होती तेही सांगा

सर, तुमचा प्रश्न वाचला. वाचनालयातल्या महिन्याच्या बैठकीत तुम्ही ‘गरीब माणूस गरीबच का राहतो?’ हा विषय घेतलात, मार्शमॅलो नावाच्या मऊ गोड खाऊचा प्रयोग रंगवून सांगितलात, आणि पहिल्या रांगेतल्या निवृत्त आजोबांनी विचारलं, “मास्तर, पोरं किती होती? आणि कुणाची होती?” तुम्हाला सांगता आलं नाही. आता पुढच्या महिन्याला ‘बाई सरपंच झाल्यानं गावाला फरक पडतो का?’ हा विषय फळ्यावर लागलाय आणि तुमच्या पोटात गोळा आलाय. ही फजिती ओळखीची आहे. माझीही झाली आहे आणि महागात पडली आहे, पण ती कहाणी इथं उगाळत नाही. चूक नेमकी कुठं होते तेवढं सांगतो.

गूगल स्कॉलर (संशोधनाचे लेख शोधायचं संकेतस्थळ), मूळ लेख आणि बातमी यांतला फरक, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही, सांगलीतला एक वाचणारा माणूस आहे. पुढची बरीच मतं माझी आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

चूक पोरांचा आकडा विसरण्यात नव्हती. छोट्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या प्रश्नाला चिकटवलंत, ती खरी चूक. ‘माणूस गरीब का राहतो’ हा प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत मावत नाही. या प्रयोगामागचे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी विचारलेला प्रश्न एवढाच होता: समोर आवडीचा खाऊ ठेवला आणि ‘थांबलास तर दुप्पट’ म्हटलं, तर बालवाडीतलं पोर किती मिनिटं थांबतं? पुढची मोठी भानगड १९९०च्या लेखातून आली. त्यात तीच मुलं मोठी झाल्यावर प्रवेश परीक्षेत किती गुण मिळवतात ते पाहिलं होतं. थांबलेली मिनिटं आणि गुण यांचं जे घट्ट नातं सगळे मिरवतात, ते ३५ मुलांच्या आकड्यांवर उभं आहे. आणि आजोबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की ती मुलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली होती. म्हणजे बहुतेक प्राध्यापकांची आणि तिथं शिकणाऱ्यांची.

२०१८मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेच्या वर मुलांच्या माहितीवर हेच पुन्हा तपासलं. आईचं शिक्षण कमी असलेल्या मुलांवर त्यांनी जास्त भर दिला. नातं सापडलं, पण पहिल्याच्या साधारण निम्मं. मग घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची आधीची बौद्धिक वाढ हे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून पडला. उरलं ते शून्य नाही, पण त्याच्यावर भाषणाचा कळस चढत नाही.

त्याच्याही आधी, २०१३मध्ये, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर एक छोटा प्रयोग केला. तो तुम्ही जरूर सांगा. मार्शमॅलोच्या आधी मोठ्या माणसानं मुलाला ‘चांगले रंग आणून देतो’ म्हणून सांगायचं. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. निम्म्यांना ‘नाहीत रे शिल्लक’ म्हणून परत पाठवलं. मग मार्शमॅलो. ज्यांच्याशी शब्द पाळला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती ३ मिनिटं. उसाच्या बिलाचा दुसरा हप्ता कधी येणार याची वाट बघितलेल्या श्रोत्यांना हे उलगडून सांगावं लागणार नाही. शब्द पाळला जात नाही तिथं हातात आहे ते खाणं हाच शहाणपणा असतो. फक्त २८ मुलं होती, हेही त्याच दमात सांगा.

आता तुमच्या भाषणातली उडी मोजा. चार वर्षांचं पोर किती थांबलं, यावरून मोठेपणीचे परीक्षेतले गुण. गुणांवरून कमाई. कमाईवरून ‘गरीब गरीब का राहतो’. पहिल्या पायरीला थोडा पुरावा आहे, तोही आता झिजलेला. दुसरीला वेगळे अभ्यास लागतात. तिसरीत तर जमीन, पाणी, जात, आजारपण, सावकार सगळे येऊन बसतात. आमच्याकडच्या दुष्काळी जतच्या आणि बागायती वाळव्याच्या पोरांच्या संयमात काय फरक असणार? फरक पाण्यात आहे. (हे वाक्य टाळ्या घेतं, पण तेही पुरावा नव्हे. बघा, किती सहज तोंडातून जातं.)

तुमच्या विषयाला खरा जवळचा अभ्यास मार्शमॅलोचा नाहीच, उसाचा आहे. २०१३मध्ये मणी, मुल्लैनाथन, शफीर आणि झाओ यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर तो केला आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. प्रश्न छोटा, म्हणून चांगला: पैशाची तंगी असताना आणि नसताना त्याच माणसाचं डोकं सारखंच चालतं का? ऊस तुटायच्या आधी, हात आखडलेला असताना, एकदा चाचणी. ऊस गेल्यावर, पैसे आल्यावर, दुसऱ्यांदा. चाचण्या दोन. एकीत आकृत्यांची जाळी असते, एक घर रिकामं, तिथं कुठली आकृती बसेल ते ओळखायचं. दुसरीत आकडे मोजायचे. ऊस गेल्यावर त्याच शेतकऱ्यांची उत्तरं जास्त बरोबर आली आणि वेगही वाढला.

हे सांगितलंत की तुमच्याकडचे श्रोते शंका काढणारच, आणि काढाव्यात. पहिली शंका: दुसऱ्यांदा तीच परीक्षा दिली तर सरावानं गुण वाढणारच. त्यासाठी लेखकांनी काही शेतकरी मुद्दाम मागे ठेवले होते आणि त्यांची पहिलीच चाचणी ऊस गेल्यावर घेतली. त्यांचेही गुण चांगले आले. दुसरी शंका: हवामान, सण, हंगाम यांचा परिणाम असेल. इथं ऊसवाल्यांचा अनुभव कामी येतो. तोड कधी मिळायची हे शेतकऱ्याच्या मनावर नसतं, कारखान्याच्या गाळपावर असतं. एकाची तोड आधी, शेजाऱ्याची दोन महिन्यांनी. त्यामुळे एकाच महिन्यात कुणाचे पैसे आलेले असतात तर कुणाचा ऊस अजून उभा असतो, आणि हंगामाचा परिणाम वेगळा काढता येतो. तिसरी शंका खाणंपिणं, कष्ट, थकवा यांची. लेखात तिचाही विचार आहे, पण पहिल्या दोन उत्तरांइतका तो मला भक्कम वाटत नाही.

आणि उलटा पुरावा लपवू नका. २०१६मध्ये कार्व्हाल्हो, मायर आणि वँग यांनी अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना पगाराच्या आधी आणि नंतर तपासलं. कुणाला कधी तपासायचं हे चिठ्ठीनं ठरवलं. डोक्याच्या चाचणीत फरक मिळाला नाही. दोन्ही खरं कसं? वर्षाचं उसाचं बिल आणि पंधरवड्याचा पगार ही तंगी एका मापाची नाही, असं मला वाटतं. पण हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, आणि व्यासपीठावरून तो तर्क म्हणूनच सांगायचा.

हे सगळं करायला फार वेळ लागत नाही. मूळ लेख सापडला की त्याखालची ‘सायटेड बाय’ची (त्या लेखाचा दाखला देणाऱ्या पुढच्या लेखांची) यादी उघडा आणि त्यात ‘रेप्लिकेशन’ (अभ्यास पुन्हा करून पाहणं) हा शब्द शोधा. निम्मं काम तिथंच होतं. २०१५मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा ठळक निकाल साधारण ३६ टक्क्यांतच परत मिळाला, आणि परिणामाचा आकार सरासरी निम्म्यावर आला. म्हणून १९९०च्या आधीचा, एकाच प्रयोगशाळेतला, गोष्टीसारखा गोड निकाल दिसला की मी आधी हात मागे घेतो. स्टॅनफर्डच्या तुरुंगाचं तेच. तरुणांना कैदी आणि पहारेकरी बनवणारा १९७१चा तो प्रयोग दोन आठवड्यांचा ठरला होता, सहा दिवसांत थांबवला. २०१९मध्ये त्याची कागदपत्रं तपासून आलेल्या लेखात पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळत होत्या असं दिसलं. अधिकाऱ्याच्या हुकमावरून माणूस दुसऱ्याला विजेचे झटके कुठवर देतो, या मिलग्रमच्या प्रयोगातलं ‘६५ टक्के शेवटपर्यंत गेले’ सांगाल तर ते ४० जणांतले २६, आणि एका मांडणीतले. त्यांनीच मांडणी बदलली, दोन अधिकाऱ्यांना आपसांत भांडायला लावलं, तेव्हा शेवटपर्यंत कुणीच गेलं नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथं आहे, पण ती कुणी सांगत नाही.

आता सरपंचाचं. हा विषय तुम्हाला सोपा जाईल, कारण आरक्षण फिरतं आणि कुठलं गाव राखीव हे गावाच्या मनावर नसतं. तहसील कचेरीत लहान पोराच्या हातानं चिठ्ठी निघते ना, संशोधकाला नेमकं तेच हवं असतं. गाव पुढारलेलं म्हणून बाई निवडून आली की बाई आली म्हणून गाव पुढारलं, हा गुंता चिठ्ठीनं सुटतो. चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी २००४च्या लेखात पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर इथल्या २६५ पंचायती तपासल्या. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, दोन्हीकडे. रस्त्यांचं मात्र उलटसुलट: बीरभूममध्ये जास्त, उदयपूरमध्ये कमी. कारण तिथल्या बायका कशासाठी तक्रार घेऊन येतात हे दोन्हीकडे वेगळं होतं. हा रस्त्याचा भाग गाळू नका, सगळा रस त्यातच आहे. बंगालमधली एक पंचायत अनेक गावांची असते, आपल्यासारखी नाही, तेवढं आधी सांगा.

‘शिक्का नवऱ्याच्या खिशात असतो’ असं कुणीतरी म्हणणारच. त्याला उत्तर असं: तसल्या पंचायतीही त्या सरासरीत धरलेल्या आहेत, तरी फरक दिसला. शिवाय भवनानी यांचा २००९चा मुंबई महापालिकेचा अभ्यास आहे. एखादा प्रभाग महिलांसाठी राखीव होता आणि पुढच्या वेळी खुला झाला, तर तिथं बाई निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागाच्या साधारण पाचपट होती. बीरभूमच्याच ४९५ गावांतल्या २०१२च्या अभ्यासात मुलगे आणि मुली यांच्या शिक्षणातला फरक भरून निघाला तो दोनदा राखीव झालेल्या गावांत. एका फेरीत गाव बदलतं असं म्हणू नका.

आपल्या तालुक्यातल्या सरपंच आरक्षणाची यादी मिळवायची तुमची इच्छा दिसते. इथं सावध. एका कचेरीनं याच साध्या कागदासाठी ‘कशाला पाहिजे, कुणासाठी पाहिजे, साहेब रजेवर आहेत’ करत जितका वेळ खाल्ला, तितका मला कुठल्याही संशोधनानं खाल्ला नाही. नाव घेत नाही. तोंडी विचारायला जाऊच नका. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, नाहीतर महाराष्ट्राच्या नियमावर बोट ठेवून परत करतात. कारण सांगायची गरज नाही, कायद्याच्या कलम ६(२)मध्ये तसं स्पष्ट आहे. ‘आरक्षण असं का ठरलं?’ असं विचारलंत की ‘प्रश्न स्वरूपाची माहिती’ म्हणून फेटाळतात. म्हणून कागद मागा: अमुक वर्षाच्या सोडतीची ग्रामपंचायतनिहाय यादी आणि इतिवृत्ताची प्रत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. अर्जाच्या पोचेवर तारखेचा शिक्का घ्या. तो नसला की तीस दिवस कधी सुरू झाले यावरच वाद घालतात.

कॉलेजच्या ग्रंथालयानं बाहेरचे म्हणून परत पाठवलं, असंही तुम्ही लिहिलंय. २०२५पासूनच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा (संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणाऱ्या केंद्राच्या योजनेचा) फायदा सरकारी उच्च शिक्षण संस्थांच्या आतल्यांना आहे, आपल्याला नाही. त्यावर डोकं फोडण्यापेक्षा लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा, बरेच जण आनंदानं लेख पाठवतात. मराठी संज्ञा अडली तर वाईच्या विश्वकोशात बघा, जालावर फुकट आहे. ‘कोरिलेशन’ला (दोन गोष्टी एकमेकींसोबत कमी-जास्त होणं) सहसंबंध म्हणा आणि पहिल्यांदा म्हणताना एकदा उदाहरण द्या.

तत्त्वज्ञानाचं थोडक्यात, कारण तिथं माझा हात तोकडा. ‘गरिबाला थेट पैसे द्यावेत का?’ यातला ‘द्यावेत’ कुठल्याच आकड्यातून निघत नाही. तत्त्वज्ञ ह्यूमनं अठराव्या शतकात दाखवलेली ‘आहे’ आणि ‘असावं’ यांतली ही फट अजून तशीच आहे. पैसे दिल्यावर काय होतं ते अभ्यास सांगेल, ते होणं चांगलं का हे बैठकीनं ठरवायचं. ‘इच्छास्वातंत्र्य आहे का?’ घ्याल तेव्हा निर्णयाची जाणीव होण्याआधीच मेंदूत लहर उठते असं दाखवणारा लिबेटचा १९८३चा प्रयोग सांगून ‘विज्ञानानं सिद्ध केलं, नाही’ असं म्हणू नका. मेंदूतली ती आधीची लहर म्हणजे निर्णयच, हे शूर्गर आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या लेखानंतर छातीठोकपणे म्हणता येत नाही.

लोक कंटाळतात म्हणालात. त्या ऊसवाल्या अभ्यासातली आकड्यांची चाचणी फळ्यावर घ्या. ‘५ ५ ५’ लिहा आणि विचारा, आकडे किती? घाईत पाच म्हणतात, उत्तर तीन. मग ‘२ २ २ २’, मग ‘४’, पटापट, असे दहा. टक्केवारी बोलू नका, ‘शंभरातले इतके’ म्हणा. आणि आकडे वीतभर उंचीचे काढा, मागच्या बाकावर चष्मा विसरून आलेले असतात.