राइस मिल पाडू नका, भाऊ

प्रश्न : ताई, आमच्या गावात वैनगंगेच्या काठी बंद पडलेली जुनी राइस मिल आहे. ती पाडून सांस्कृतिक सभागृह बांधायचं घाटतंय. नकाशात नदीकडची भिंत अख्खी काचेची, वर पत्रा. भजन स्पर्धा, एकांकिका, झाडीपट्टीची नाटकं, सगळं तिथंच व्हावं असं मंडळ म्हणतं. नदीकाठाला शोभेल असं काय करावं?
– एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, आधी पाटबंधारे विभागातून पूररेषेचा नकाशा आणा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर. तिच्या आत नवं बांधकाम नाही. तिथून 100 वर्षांच्या लाल रेषेपर्यंत अटी असतात. ऑगस्ट 2020 मध्ये गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं तेव्हा मिलच्या भिंतीवर ते कुठवर चढलं, हे गावातलं पोरही दाखवेल. विजेचे बोर्ड, पेटी-तबल्याची खोली, सगळं त्याच्या वर घ्या.

काचेची भिंत मला अजिबात पटली नाही. आत दिवे लागले की रात्री काचेत नदी दिसत नाही, आपलीच तोंडं दिसतात. आणि धान पिकायच्या दिवसांत दिव्यावर तुडतुडे कसे येतात, हे मी तुम्हाला काय सांगू! नदीकडे लांब ओसरी काढा, मध्यंतरात माणसं तिथं चहा घेत उभी राहतील.

इंग्लंडात स्नेप इथं ऑल्ड (Alde) नदीकाठच्या बोरूच्या दलदलीत बार्लीचं माल्ट करायचा जुना कारखाना होता. त्याच्याच विटांच्या भिंतींत 1967 साली सुमारे 800 खुर्च्यांचं संगीतगृह झालं. काठाचं रूप होतं तसं राहिलं, आणि उघड्या विटा नि लाकडी छतामुळे आवाजही नावाजला गेला. 1969 मध्ये ते जळालं, वर्षभरात पुन्हा उभं केलं. तुमच्या मिलमध्ये तेच होऊ शकतं. फक्त आगीचं भान पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता आवाज. मिल 100 फूट लांब, 40 रुंद, 25 उंच असेल असं धरते. आत 400 माणसं बसली तर टाळीचा घुमारा साधारण पावणेदोन सेकंद टिकेल. भजनाला, खंजिरीला झकास. पण एकांकिकेत शब्दावर शब्द चढतील. म्हणून बाजूच्या दोन्ही भिंतींपुढे जाड सुती पडदे लावा, भरपूर चुण्यांचे, अग्निरोधक प्रक्रिया केलेले. नाटकाला पसरायचे, भजनाला गोळा करायचे. पसरले की घुमारा सव्वा सेकंदाच्या आसपास येतो. रिकाम्या हॉलमध्ये माइक तपासून निर्णय घेऊ नका, आवाज सगळ्यात जास्त माणसंच पितात.

नुसता पत्रा नको. श्रावणात गायकाचा आवाज पावसाखाली बुडेल. खाली फळ्या, वर कवेलू म्हणजे कौलं. मात्र छपराच्या जुन्या कैच्यांना तो भार पेलवेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

झाडीपट्टीचं नाटक मात्र या चार भिंतींत कोंडू नका. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या रात्री हजारोंनी लोक येतात, त्यांना 400 जागा कुठं पुरणार? शिवाय थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि पाण्यावरून लांब जातो. भोंगे नदीकडे लावलेत तर पलीकडचं गाव झोपणार नाही. तेव्हा मिलमागच्या मैदानात रंगमंच नदीला पाठ करून बांधा, आणि कलावंतांची रंगपटाची खोली मिलमध्येच ठेवा.