वाट पाहायची म्हणजे कुठे पाहायचं?

लाडक्या सोनूस,

रविवारी आजीचा फोन झाल्यावर तू विचारलंस, "आई, वाट म्हणजे रस्ता ना? मग आजी 'प्रभूची वाट पाहा' म्हणते तेव्हा कुठला रस्ता पाहायचा? आणि तो आलाच नाही तर?" मी तेव्हा तुझी वेणी घालत होते. वेणी झाली तरी उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. मराठी जमेल तसं वाच, अडलं तर हाक मार.

हो, वाट म्हणजे रस्ताच. घरचं माणूस परगावी गेलं की तो ज्या रस्त्याने येणार त्याकडे डोळे लावून दारात उभं राहायचं, ते वाट पाहणं. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत घर सोडून गेलेला मुलगा परत येताना अजून दूर असतानाच बापाला दिसतो. इतक्या लांबून कोणाला दिसेल? रोज त्या रस्त्याकडे बघणाऱ्यालाच. कित्येक वर्षं मला ती गोष्ट मुलाची वाटायची. तू झालीस आणि ती बापाची वाटायला लागली. तुझी बस यायच्या आधी दहा मिनिटं मी खिडकीत असते. थंडीत माझ्या श्वासाने काच धुरकटते, मी ती बाहीने पुसते आणि पुन्हा बघते. देव आपली अशीच वाट पाहतो, आपण त्याची पाहायला लागायच्या कितीतरी आधीपासून. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसाव्या अध्यायात हेच आहे: तुमच्यावर कृपा करावी म्हणून परमेश्वर वाट पाहतो.

आणखी एक गंमत बघ. मराठीत धीर धरतात आणि आशाही धरतात. दोन्ही हातात धरायच्या वस्तू असाव्यात तशा! बायबलचा पहिला भाग, म्हणजे जुना करार, ज्या हिब्रू भाषेत लिहिला, तिच्यात आशेला 'तिक्वा' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी. यरीहो शहरातल्या राहाबेने इस्राएलच्या हेरांना लपवलं, त्यांनी तिला वाचवायचं वचन दिलं आणि खूण म्हणून तिने खिडकीला किरमिजी दोरी बांधली ना, तिथे हाच शब्द आहे. शहर पडेपर्यंत तिच्याजवळ ते वचन होतं आणि ती दोरी. बाकी काही नाही.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांनाही कळावं म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे त्यांच्या आश्रमात, तिथल्याच स्त्रियांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ साली. तो हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं, तरी शेवटपर्यंत त्या कामाला लागलेल्या होत्या. वाट पाहताना हात मोकळे ठेवायचे नसतात, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आता तुझा अवघड प्रश्न. बाबांची नोकरी जाऊन सात महिने झाले. आपण रोज रात्री प्रार्थना करतो आणि सकाळी बाबा पुन्हा लॅपटॉप उघडून बसतात. उत्तर कधी येईल, मला माहीत नाही. मागितलं तसंच येईल असंही मी तुला सांगणार नाही. रडणाऱ्या माणसाला घाईघाईने "देवाची वेळ असते" म्हणून गप्प करतात, ते मला मुळीच आवडत नाही. शास्त्र तसं करत नाही. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच ओव्यांत दावीद राजा चार वेळा विचारतो, कोठवर? देवाला, तोंडावर. आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी तो गातो. मधल्या काळात त्याची परिस्थिती बदलली, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. तरी तो गातो, कारण ज्याला विचारलं तो ऐकतो यावर त्याचा भरवसा आहे. माझाही आहे, सोनू. परवा रात्री बाबांनी प्रार्थना अर्ध्यावर सोडली, तेव्हा तू त्यांचं बोट धरलंस. त्या क्षणीही होता.

आज रात्री आपण तेरावं स्तोत्र वाचू. 'कोठवर' तू मोठ्याने म्हण, पुढचं बाबा वाचतील.

तुझी,
आई