एसआयपीचं नंतर बघू, आधी कार्डाचं बिल काढा

नाशिकहून एका वाचकाने लिहिलंय: "वय ३४. सातपूरला कारखान्यात नोकरी, हातात ८२,००० पडतात. मुलगी दुसरीत आहे, तिच्या शिक्षणासाठी महिना ५,०००ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) सुरू करायची आहे. मित्र म्हणतो, स्मॉल कॅपमध्ये (छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात) १८ टक्के सहज सुटतात. कोणता फंड घेऊ? माझे हप्ते वेळेवर जातात, दोन्ही क्रेडिट कार्डांचा मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेला नाही. अडीअडचणीला लाखाची एफडी आहे. हिला कार्डांचं फारसं माहीत नाही, म्हणून नाव छापू नका."

नाव छापत नाही. फंडाचं नावही सांगत नाही.

सोबत जोडलेली बिलं पाहिली. दोन्ही कार्डांची मिळून बाकी २ लाख ४० हजार. दीड वर्षापूर्वी ती लाखभर होती, हे तुम्हीच एका कंसात टाकलंय. खरं पत्र त्या कंसात आहे.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला की लेट फी लागत नाही आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडत नाही. एवढंच. व्याज चालूच राहतं. तुमच्या कार्डांचा दर महिना साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. वर्षाचा हिशेब पन्नास टक्क्यांना टेकतो. म्हणजे २ लाख ४० हजारांवर महिन्याला ९,९०० रुपये. तुम्ही भरता १२,०००. मुद्दल फिटतं २,१००. आणि त्याच महिन्यात त्याच कार्डांवर नवी १०,०००ची खरेदी. बाकी कमी व्हायच्या ऐवजी पावणेआठ-आठ हजारांनी वाढते.

बिलात ३,८६०चा किराणा दिसतो. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तो डाळ-तांदूळ घरी पोचायच्या आधी त्यावर व्याज सुरू झालेलं असतं. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, ही सूचना बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेनेच लावलंय. तुमच्याही बिलावर ती आहे, बारीक अक्षरात. वरून कोणी वाचवायला येईल असंही समजू नका: ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजाला घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केली.

आता घरखर्च. घराचा हप्ता २७,०००, गाडीचा साडेअकरा, मोबाइलचा ४,०००, विमा पॉलिसीचे महिन्याला धरले तर ५,०००, कार्डांचे १२,०००. झाले साडेएकोणसाठ हजार. उरले साडेबावीस. घर चालतं साडेबत्तीस हजारांत. वरचे दहा कार्डावर. तुमचं घर ९२ हजारांचं आहे, पगार ८२. यात एसआयपीचे ५,००० कुठून येणार होते? कार्डावरूनच. पन्नास टक्क्यांनी पैसे उचलून अठराच्या आशेवर लावायचे, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार.

गाडीबद्दल बोलत नाही. कंपनीची बस दारात येते हे तुम्हीच लिहिलंय, तुमचं तुम्ही बघा.

एफडी या आठवड्यात मोडा. सात टक्के मिळवणारी ठेव जपत पन्नास टक्के भरणं ही बचत नव्हे. दंड जाईल तो किरकोळ. तो लाख कार्डांवर भरा. उरलेल्या १ लाख ४० हजारांसाठी बँकेतून गोल्ड लोन घ्या. साधारण दहा टक्के धरा, म्हणजे महिना बाराशेच्या आत व्याज. अडीअडचणीचं काय, असं विचाराल. दीड वर्ष जरा धाकधुकीत जाईल, ते मान्य. पण बाकी ईएमआयमध्ये बदलून देतो म्हणून फोन येतील, त्यांना हो म्हणू नका. आणि कर्ज काढून कार्डाची बाकी फेडणारेही पाहिलेत मी. कार्डाची लिमिट मोकळी होते आणि सहा महिन्यांत कर्जही असतं, कार्डही भरलेलं असतं. एक कार्ड बंद करा, दुसरं कपाटात. पेट्रोल, किराणा खात्यातल्या पैशातून.

त्या पॉलिसीचं वाचून मात्र डोकं फिरलं. "घ्या, कर्ज लवकर मंजूर होईल" असं बँकेतल्या माणसाने सांगितलं म्हणे. गृहकर्जासाठी अशी पॉलिसी घेणं मुळीच बंधनकारक नाही. वर्षाला ६०,००० भरून विमा किती, तर ६ लाख. डोक्यावर कर्ज ३० लाखांचं. उद्या तुमचं काही झालं तर त्या सहा लाखांत काय होणार? आधी एक कोटीचा टर्म प्लॅन (निव्वळ विमा, परतावा नाही) घ्या, तुमच्या वयाला वर्षाला बारा-पंधरा हजारांत बसेल. तो हातात आल्यावर चौथा हप्ता भरू नका. तीन हप्ते गेलेत; पेड-अप केली (हप्ते थांबवून कमी विम्यावर चालू ठेवली) तर किती आणि सरेंडर केली (मोडली) तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. आकडा बघून वाईट वाटेल. तरी पुढचे हप्ते वाचतील.

कार्ड आणि पॉलिसी गेली की घरखर्च निघून ७,००० उरतात, चार महिन्यांनी मोबाइलचा हप्ता संपला की अकरा. टर्म प्लॅनचे हजार-बाराशे बाजूला काढून सगळे गोल्ड लोनला. साधारण दीड वर्ष. बोनस आला तर लवकर. आणि बोनसमधून यंदा गोवा नाही.

राहिलं सोनं. ते तुमच्या पत्नीचं आहे. तिला न सांगता ते गहाण ठेवायचा विचारही करू नका. रविवारी दोन्ही बिलं तिच्यापुढे ठेवा, अठरा महिन्यांची, फक्त शेवटच्या महिन्याची नव्हे. रागावेल. रागावू द्या. किराण्याचा हिशेब तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतो आणि साडेबत्तीसचे तीस करायचे असतील तर तिच्याशिवाय होणार नाही.

गोल्ड लोन फिटलं की लिहा, तेव्हा फंडाचं नाव सांगेन. बहुधा साधा, बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा इंडेक्स फंड असेल आणि अठरा नाही, दहा-बारा टक्के धरून चालायला सांगेन. मित्राला आवडणार नाही.